हाड की आतडं?

कानात हेडफोन, पायाखाली पेडल आणि समोर रिकामा स्क्रीन. २००२ साली पुण्यात रात्रपाळीला बसायचे तेव्हा माझं जग एवढंच होतं. पेडल दाबलं की अमेरिकेतला कुठला तरी डॉक्टर बोलायला लागायचा, पाय उचलला की गप्प व्हायचा, पेडलची दुसरी बाजू दाबली की चार शब्द मागे जाऊन पुन्हा तेच म्हणायचा. आईचं शिवणयंत्र पायाने चालवत मोठी झालेले, त्यामुळे पाय लवकर बसला. कान बसायला फार वेळ लागला.

मेडिकल ट्रान्सक्रिप्शन म्हणतात त्या कामाला. तिकडचे डॉक्टर पेशंट तपासून झाला की लक्षणं, तपासण्या, निदान, औषधं असं सगळं घडाघडा बोलून ठेवायचे आणि ते ऐकून आम्ही रिपोर्ट टाइप करायचो. त्यांचा दिवस उजाडला की आमच्याकडे फायली यायला लागायच्या. पैसे ओळींवर, पासष्ट अक्षरांची एक ओळ. मी कराडजवळच्या गावातली, दहावीपर्यंत मराठी माध्यम, पुढे प्राणिशास्त्र घेऊन बी.एस्सी. शरीरातले बहुतेक शब्द मला येत होते, पण वाचून. ते कुणाच्या तोंडून ऐकले नव्हते.

एका आठवड्यात मला पोटाच्या डॉक्टरांच्या फायली लागोपाठ आल्या. लहान आतड्याच्या शेवटच्या भागाला इलियम म्हणतात. तो शब्द मी त्या आठवड्यात इतक्या वेळा टाइप केला की बोटं आपोआप चालायची. मग एक हाडांच्या डॉक्टरांची फाईल आली. गाडीच्या अपघातात सापडलेली बाई, इलियमला फ्रॅक्चर. बोटांनी सवयीने आतड्याचं इलियम टाइप केलं. उच्चारात तसूभर फरक नाही. स्पेलिंगमध्ये मधलं एकच अक्षर वेगळं, आतड्याच्या इलियममध्ये ई आणि दुसऱ्यात आय. आयवालं इलियम म्हणजे कमरेचं रुंद हाड, मूल कडेवर घेतलं की ते ज्यावर टेकतं ते.

आमच्या एडिटर ताई माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठ्या होत्या. त्या रागावल्या नाहीत. मला हेडफोन काढायला लावला, खुर्ची माझ्याकडे वळवली आणि विचारलं, "अगं, मोडतं काय? हाड की आतडं?"

"हाड."

"मग परत परत ऐकत काय बसलीस?"

मी खरंच ती ओळ पाच-सहा वेळा मागे नेऊन ऐकली होती. कुठेतरी बारीकसा फरक असेल, माझ्या मराठी कानाला तो पकडता येत नसेल, असं मला वाटत होतं. फरक नव्हताच. तिथे जन्माने इंग्रजी बोलणारा माणूस बसवला असता तरी त्याच्या कानालाही तो सापडला नसता. ही एवढी गोष्ट कळायला मला ती रात्र लागली. शाळेपासून मनात एक गाठ होती, की आपलं इंग्रजी कच्चं म्हणून आपल्याला शब्द सारखे ऐकू येतात. काही शब्दांच्या बाबतीत ते खरं आहे, त्याबद्दल पुढे सांगते. पण इलियम आणि इलियम हे सगळ्यांनाच सारखे ऐकू येतात. ते वेगळे होतात फ्रॅक्चर या शब्दामुळे.

जवळजवळ प्रत्येक रिपोर्टमध्ये एक वाक्य असायचं, पेशंटला कुठल्याही औषधाची ॲलर्जी असल्याचं माहीत नाही, या अर्थाचं. डॉक्टर ते म्हणायचे 'नो नोन ड्रग ॲलर्जीज'. पहिल्या आठवड्यात मला वाटलं होतं की डॉक्टर अडखळला, 'नो' दोनदा म्हणाला. पहिला नो नकाराचा आणि दुसरा माहीत असण्याचा, ज्याच्या सुरुवातीला मुका के असतो. तो के लिहायचा कशाला, म्हणायचा नसेल तर, असं आम्ही सगळ्यांनीच पाचवीत विचारलेलं असतं आणि बाईंनी "तसंच असतं" म्हणून गप्प बसवलेलं असतं.

त्याचं उत्तर मला बऱ्याच वर्षांनी कळलं आणि तेव्हा मी अक्षरशः हरखून गेले. तो के एके काळी बोलला जायचा. इंग्रज माणूस 'क्नो' असंच म्हणायचा, सुरीला 'क्नाइफ' म्हणायचा. विल्यम कॅक्स्टनने १४७६ साली लंडनजवळ वेस्टमिन्स्टरला छापखाना काढला आणि छापलेल्या पुस्तकांमधून स्पेलिंगं हळूहळू ठरत गेली. लोकांची जीभ मात्र ठरलेली नव्हती. सतराव्या शतकाच्या सुमाराला नच्या आधीचा क बोलण्यातून गळला, तोवर कागदावर तो पक्का झाला होता. म्हणजे ज्याला आपण मुकं अक्षर म्हणतो तो जुना उच्चार आहे, मातीत राहिलेल्या जोत्यासारखा. आणि त्या के-च्या खाली आणखी खणलं तर आपलंच घर लागतं. त्या 'नो'चं आणि संस्कृतातल्या 'ज्ञा' धातूचं मूळ एक. आपलं जाणणं त्याच ज्ञा-वरून आलेलं. नकाराचा 'नो' आणि आपला 'न' हेही एकाच मुळाचे. म्हणजे तो डॉक्टर रोज रात्री माझ्या कानात 'न' आणि 'ज्ञा' म्हणत होता आणि मला वाटत होतं तो अडखळतोय.

समुद्राचा सी आणि बघण्याचा सी यांचंही असंच. साधारण १४०० ते १७०० या काळात इंग्रजीतले दीर्घ स्वर एकामागोमाग एक सरकले आणि ज्यांचे उच्चार वेगळे होते असे शब्द एकमेकांवर येऊन बसले. मांसाचा मीट आणि भेटण्याचा मीटही त्यातलेच. स्पेलिंगांनी जुन्या जागा सोडल्या नाहीत. पिठाचा फ्लावर आणि फुलाचा फ्लावर यांची गोष्ट उलटी आहे. तो मुळात एकच शब्द. दळलेल्या धान्यातला सगळ्यात उत्तम भाग तो त्याचा फ्लावर, धान्याचं फूल म्हणा ना. सॅम्युअल जॉन्सनच्या १७५५ च्या शब्दकोशातही ते दोन वेगळे शब्द म्हणून दिलेले नाहीत. स्पेलिंग नंतर फुटलं, भावकीत वाटण्या व्हाव्यात तसं. मला ही गोष्ट फार आवडते. मैदा चाळताना दर वेळी आठवते.

आता कच्च्या कानाबद्दल. इंग्रजीत वेगळे उच्चार असलेले पुष्कळ शब्द आपण मराठी माणसं एकाच उच्चारात म्हणतो, हे खरं आहे, आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. 'सेल' घ्या. टॉर्चमध्ये घालायचा सेल, लक्ष्मी रोडवर साड्यांचा लागतो तो सेल, पोलिसांचा सायबर सेल. इंग्रजीत टॉर्चमधला सेल तोकड्या स्वराचा आणि साड्यांचा लांबट स्वराचा, दोन्ही वेगळे ऐकू येतात. देवनागरीत त्यांना एकच कपडा. पेन म्हणजे लेखणी आणि पेन म्हणजे वेदना, टेस्ट म्हणजे परीक्षा आणि टेस्ट म्हणजे चव, हेही तसेच. आपल्या ए-ला लांब-आखूड असा भेदच नाही. ऱ्हस्व-दीर्घ इ आणि उ लिहिण्यात आहेत, म्हणून दिन म्हणजे दिवस आणि दीन म्हणजे गरीब हे वहीत वेगळे दिसतात, पण भराभर बोलताना ती लांबी कुणी मोजत नाही. मग जहाजाचा शिप आणि मेंढीचा शीप यात आपण घोटाळा करणारच.

पण मराठी कान बोथट आहे असं कुणी म्हटलं तर मी ऐकून घेणार नाही. माझी भाची अमेरिकेत वाढली, तिथल्या मराठी शाळेत रविवारी जायची. तिला मी चमचा शिकवत होते. चमचा म्हटल्यावर जीभ दातांशी लागते, अनेकवचन चमचे केलं की तोच च टाळूकडे सरकतो. तिने वहीत बघितलं, अक्षर तेच. "मावशी, मग मला कळणार कसं?" मला आजवर तो फरक आहे हेच लक्षात आलं नव्हतं. चारा आणि चार. जरा थांब म्हणतानाचा जरा आणि म्हातारपण या अर्थाची जरा. जग म्हणजे दुनिया आणि पाण्याचा जग, अक्षरं तीच, पण दुनियेचा ज दातांचा आणि पाण्याच्या जगचा ज टाळूचा. कराडच्या बाजारातली न शिकलेली बाईसुद्धा यात चुकत नाही. इंग्रजीत जन्मलेल्या माझ्या भाचीला मात्र ते घासून घासून शिकावं लागलं. प्रत्येक कान आपल्या घरच्या फरकांवर तयार झालेला असतो.

माझ्या हातून झालेली सगळ्यात मोठी चूक मात्र यातल्या कशातच बसत नाही. ती एका फटीची होती. ताप असलेल्या पेशंटला फेब्राइल म्हणतात आणि ताप नसलेल्याला एफेब्राइल. डॉक्टर म्हणाला, पेशंट एफेब्राइल आहे. मी ए वेगळा टाइप केला आणि फेब्राइल वेगळा. एक स्पेस. घरी जायला निघालेल्या माणसाच्या कागदावर मी ताप चढवला होता.

या ए-चा मी नंतर फार विचार केला आहे. इंग्रजीतला नामाआधीचा ए म्हणजे झिजलेला वन, एक. आणि एफेब्राइलमधला ए ग्रीकमधून आलेला नकार, आपल्या अज्ञात, अशक्त, अमर यांतल्या अ-चा सख्खा भाऊ. एक म्हणतो 'एक आहे', दुसरा म्हणतो 'नाही', आणि दोघांचा आवाज एक. एटिपिकल म्हणजे नेहमीसारखं नसलेलं, फट पडली की नेहमीसारखं. एसिम्प्टोमॅटिकचं तेच.

तो रिपोर्ट बाहेर जाण्याआधी ताईंच्या नजरेला पडला. त्यांनी मला स्क्रीनवर वरच्या बाजूला बोट ठेवून दाखवलं. ताप, नाडी, रक्तदाब यांचे आकडे तिथे मीच टाइप केले होते, दोन मिनिटांपूर्वी. ताप ९८.६. अमेरिकेत फॅरनहाइट चालतं, म्हणजे ताप नाहीच. "आकडा तूच लिहिलास," त्या म्हणाल्या, "मग खाली माणसाला ताप कुठून आला?" मी कानाला विचारत बसले होते आणि उत्तर चार ओळी वर होतं.

आणि वर-खाली कुठेच उत्तर नसेल तर? त्यासाठी आमच्याकडे ब्लँक होता. शब्द कळला नाही तर तिथे रेघ मारायची, बाजूला किती मिनिटं किती सेकंदांना तो शब्द आला ते लिहायचं आणि फाईल एडिटरकडे पाठवायची. एडिटरलाही कळलं नाही तर ब्लँक तसाच डॉक्टरकडे परत जायचा आणि तो स्वतः भरायचा. नियम सोपा होता. पण आम्ही मराठी माध्यमातून आलेल्या मुली ब्लँक सोडायला मरणाच्या घाबरायचो. ब्लँक म्हणजे आपलं इंग्रजी कमी, असा आमचा समज. म्हणून आम्ही अंदाजाने शब्द भरायचो, आणि तोंडाचा ओरल आणि कानाचा ऑरल यातला जो आधी सुचेल तो ठोकून द्यायचो. कॉन्व्हेंटच्या मुली बिनधास्त ब्लँक सोडायच्या.

ताईंनी एकदा सगळ्यांना उभं करून सांगितलं. चुकीचा शब्द भरलेला असेल तर डॉक्टर त्यावरून नजर फिरवून सही करून टाकतो, कारण ओळ पुरी दिसते. रेघ दिसली की तो थांबतो. "रेघ बघून तो तुमच्यावर चिडेल," त्या म्हणाल्या, "चिडू दे. पेशंट तुमचा कुणी लागत नाही म्हणून असं करता का?" मला ते फार लागलं. त्यानंतर माझे ब्लँक वाढले आणि चुका कमी झाल्या.

पुढे कितीतरी वर्षांनी मी एका विमान अपघाताबद्दल वाचलं आणि मला ताईच आठवल्या. १९ फेब्रुवारी १९८९. फ्लाइंग टायगर कंपनीचं बोइंग ७४७ मालवाहू विमान सिंगापूरहून क्वालालंपूरला येत होतं. खालच्या नियंत्रकाने उतरण्याची उंची सांगितली, डिसेंड टू फोर झिरो झिरो. त्याच्या मनात होतं दोन चार शून्य शून्य, दोन हजार चारशे फूट. विमानात ऐकलं गेलं, चारशे फुटांपर्यंत उतरा. टू हा दोनचा आकडाही आणि 'पर्यंत'चा शब्दही. विमानातून उत्तर गेलं, ओके, फोर झिरो झिरो. ते उत्तर चुकीचं आहे हे नियंत्रकाच्या लक्षात आलं नाही किंवा त्याने दुरुस्त केलं नाही. विमान टेकडीवर आदळलं आणि आतले चौघेही गेले. कारणं आणखीही होती. जमीन जवळ आल्याचा इशारा विमानात वाजत होता आणि तरी विमान वर घेतलं गेलं नाही. चारशे फूट उंचीवर त्या डोंगराळ भागात यायचंच नसतं, हे समोरच्या नकाशावरही होतं. म्हणजे इथेही उत्तर कागदावर होतं.

नियंत्रकाने दोन हजार चारशे असं आकडा फोडून म्हटलं असतं तर टू-ला दुसरा अर्थ घ्यायला जागाच उरली नसती. विमानवाल्यांची आकडे बोलायची रीतच वेगळी आहे. थ्रीला ते ट्री म्हणतात, फाइव्हला फाइफ, नाइनला नायनर. मला पूर्वी ते विचित्र वाटायचं. आता कुणी तसं बोलताना ऐकलं की त्या माणसाबद्दल आदर वाटतो.

आमच्या फायलींमध्येही काही डॉक्टर असे होते. फिफ्टीन म्हणून लगेच जोडायचे, वन फाइव्ह. त्यांची फाईल आली की जीव थंड व्हायचा. फिफ्टीन आणि फिफ्टी हे इंग्रजांच्या तोंडी वेगळे पडतात, कारण फिफ्टीनमध्ये ते टीनवर जोर देतात आणि फिफ्टीमध्ये पहिल्या फिफ्वर. आपल्या बोलण्यात असा जोर नसतो. आपण दोन्ही सपाट म्हणतो, सगळा भार शेवटच्या न-वर, आणि फोनवर नेमका तोच विरतो.

तीन वर्षांपूर्वी आबांना घरी सोडलं तेव्हा मी पुण्यात होते. त्यांची साखर वर-खाली होत होती म्हणून दवाखान्यात ठेवलं होतं. इन्सुलिन आधीपासूनच चालू होतं, रात्रीचं बारा युनिट. घरी आल्यावर संध्याकाळी वॉर्डातून भावाला फोन आला, डॉक्टरांनी रात्रीचा डोस बदललाय. त्याने मला फोन करून सांगितलं, "ताई, आजपासून फिफ्टी घ्यायचंय."

मी गॅस बंद केला. "किती?"

"फिफ्टी. सिस्टर तसंच म्हणाल्या."

"आधी बारा होतं ना रे?"

"हो."

"बारावरून पन्नास?"

तो गप्प झाला. मग म्हणाला, "परत फोन कसा करू? त्या म्हणतील यांना इंग्रजी कळत नाही."

तो शेती बघतो, ट्रॅक्टरचं इंजिन स्वतः खोलतो, माणसांना घाबरणारा नाही. आणि या एका वाक्यावर अडला होता. मला त्याचा राग आला नाही. मी त्याच्या जागी बसलेली आहे, हेडफोन लावून.

वॉर्डाचा नंबर घेऊन मीच फोन लावला. सिस्टर कामात होत्या, आवाजावरून कळत होतं. "मी फिफ्टीनच सांगितलं त्यांना," त्या म्हणाल्या.

मला अजूनही न नीट ऐकू आला नव्हता. मी म्हटलं, "सिस्टर, मराठीत सांगता का?"

"पंधरा हो, पंधरा. एक पाच."

त्या आमच्याच तालुक्यातल्या असाव्यात, बोलण्याचा हेल तोच होता. माझा भाऊ मराठी, त्या मराठी, आबा मराठी. पंधरा आणि पन्नास यांत आमच्या घरात आजवर कुणाचाही कधी घोटाळा झालेला नाही. मी त्यांना मनापासून धन्यवाद दिले आणि पुढचं कुणी पेशंट असेल तर त्यांनाही असंच सांगा म्हणून विनंती केली. "बरं," म्हणाल्या, चिडल्या नव्हत्या.

भावाला परत फोन केला. म्हटलं, फळ्यावर मोठ्ठं लिहितोस तसं एका कागदावर लिही आणि फ्रिजच्या दारावर चिकटव, बाटली तिथेच आहे. आकडा लिही आणि शेजारी अक्षरी लिही. युनिटचं नुसतं यू लिहू नकोस, घाईत ते शून्यासारखं दिसतं आणि पंधराचे दीडशे होतात.

शनिवारी गावाला गेले तेव्हा कागद दारावर होता. पुतणीच्या चित्रकलेच्या वहीचं पान, निळ्या स्केचपेनने लिहिलेलं: आबा, रात्री, १५ युनिट, पंधरा. खाली आबांनी स्वतःच्या थरथरत्या अक्षरात रोजच्या तारखा मांडल्या होत्या आणि प्रत्येक तारखेपुढे पुन्हा अक्षरी लिहिलं होतं, पंधरा, पंधरा, पंधरा.